सॉफ्टवेअर बदलूनही मिक्सिंग अडकतंय? आधी फाइल बघा, मग पीसी

लग्नसराई लागली की परभणी, सेलू, जिंतूर, हिंगोली सगळीकडून मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओ एडिटिंग, करणाऱ्यांची एकच तक्रार येते. "सर, एडियस लई हँग मारायलंय. दाविंची टाकू का?" दाविंची रिझॉल्व्ह टाकलं की पुढची तक्रार: "फोटोच दिसंना, नुसता आवाज येतोय. प्रीमियर बरं राहील का?" प्रीमियर आलं की, "आवाज मागं पडायलाय. आता मॅकच घ्यावा म्हणतो." तोवर सीझन अर्धा उरकलेला असतो, गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि दुखणं आहे तिथंच असतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दहातल्या आठ-नऊ वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतो. कॅमेऱ्यातून येणारी फाइल आणि ती उलगडणारा पीसी यांचं जमत नसतं. म्हणून "कोणतं सॉफ्टवेअर भारी?" हा प्रश्न शेवटी घ्यायचा. आधी लग्न जुळवताना बघतो तशी फाइलची पत्रिका बघायची.

पत्रिका कशी बघायची

मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. त्यात क्लिप टाका आणि फक्त पाच ओळी वाचा: फॉरमॅट (व्हिडिओ कोणत्या पद्धतीनं दाबून साठवला, जसं एच.२६४ किंवा एच.२६५), बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारीक), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती ठेवली, जसं ४:२:२ किंवा ४:२:०), फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) आणि फ्रेम रेट मोड (तो वेग कॉन्स्टंट म्हणजे ठरलेला, की व्हेरिएबल म्हणजे बदलता).

एका लग्नाच्या फोल्डरमध्ये आजकाल साधारण असं निघतं. मेन मिररलेस कॅमेऱ्याच्या क्लिप एच.२६५, १०-बिट, ४:२:२, फ्रेम रेट २५, कॉन्स्टंट. दुसऱ्या शूटरच्या जुन्या कॅमेऱ्याच्या एच.२६४, ८-बिट, ४:२:०, पुन्हा २५, कॉन्स्टंट. नवरीच्या भावानं मोबाइलवर काढलेलं मात्र एच.२६५, ८-बिट, ४:२:०, फ्रेम रेट तीसच्या आसपास आणि मोड व्हेरिएबल. एकाच टाइमलाइनवर हे तिघं आले की पीसीला घाम फुटतो. पण तिघांचा त्रास वेगवेगळा, म्हणून औषधही वेगळं.

टाइमलाइन अडकते तेव्हा

एच.२६५ फाइल आकारानं लहान असते, कारण प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मागच्या-पुढच्या फ्रेमवरून ती दर वेळी नव्यानं उभी करावी लागते. हे काम प्रोसेसरनं एकट्यानं करायचं ठरवलं तर तो थकतो. म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये त्यासाठी वेगळा भाग असतो. पण तो भाग सगळ्या फाइली उचलत नाही. शूटिंगवाला आणि पीसीवाला यांची गाठ नेमकी इथं चुकते.

इंटेलच्या ग्राफिक्समध्ये, म्हणजे क्विक सिंकमध्ये, साधं ८-बिट एच.२६५ सहाव्या पिढीपासून चालतं आणि १०-बिट सातव्या पिढीपासून. ४:२:२ हवं असेल तर डेस्कटॉपवर अकरावी पिढी किंवा पुढची लागते. एनव्हिडियाची कार्डं कितीही महाग असली तरी आरटीएक्स ५० मालिका येईपर्यंत ४:२:२ उचलतच नव्हती. म्हणजे आरटीएक्स ३०६० टाकून पीसी बांधला आणि कॅमेऱ्यात १०-बिट ४:२:२ लावलं, तर ते कार्ड या कामात हात बांधून बसणार. मॅकचं इथं सोपं आहे. २०२० साली आलेल्या एम१ पासूनच्या चिप हे एच.२६५ आरामात उलगडतात. मॅक भारी चालतो असं जे म्हणतात त्यातलं निम्मं रहस्य एवढंच.

आता असेंबल पीसीचं. बिल कमी करायला दुकानदार इंटेलचा शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर देतो, उदाहरणार्थ १२४००एफ. दोन-तीन हजार वाचतात, पण त्या 'एफ'चा अर्थच असा की आतलं ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही नाही. गेम खेळणाऱ्याला काही फरक पडत नाही. मिक्सिंगवाल्याचं मात्र त्या दोन-तीन हजारांत कंबरडं मोडतं. पीसी बांधायला जाताना हे एक अक्षर बघून घ्या, बाकीचं दुकानदारावर सोडलं तरी चालेल.

'एफ' नाही तरीही अडकतंय? टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. तिथं जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन दिसायला हवेत, एक इंटेलचा आणि एक कार्डाचा. एकच दिसत असेल तर वेगळं कार्ड बसवल्यावर मदरबोर्डनं आतलं ग्राफिक्स बंद केलेलं असू शकतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, आयजीपीयू (आतलं ग्राफिक्स) मल्टी-मॉनिटर किंवा तशाच नावाचा पर्याय चालू करा, मग इंटेलचा ड्रायव्हर टाका. त्यानंतर क्लिप चालवत टास्क मॅनेजरमधला व्हिडिओ डिकोडचा आलेख बघा. तो हलला तर काम चिपकडे गेलं. तो सपाट आणि सीपीयू शंभर टक्के, तर सगळा भार अजून प्रोसेसरच्याच डोक्यावर आहे.

एक अपवाद आहे. काही कॅमेरे १०-बिट ४:२:२ हे एच.२६४ मध्ये लिहितात. ते बहुतेक इंटेल चिपही उचलत नाहीत. तिथं प्रॉक्सी करा आणि मोकळे व्हा.

प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची हलकी प्रत. कटिंग तिच्यावर करायचं, रेंडर, म्हणजे शेवटची फाइल, मूळ फाइलवरून होतो. रिझॉल्व्ह, प्रीमियर, एडियस, फायनल कट, केडेनलाइव्ह सगळ्यांत ही सोय आहे, आणि तरीही आपल्याकडे ती कुणी वापरत नाही हे मला कधीच उमगलेलं नाही. फुल एचडी, २५ फ्रेमची, डीएनएक्स या एडिटिंगला सोप्या फॉरमॅटमधली हलकी प्रत ३६ मेगाबिट दरानं तासाला १६ जीबीच्या आसपास जागा घेते. चार तासांच्या शूटिंगला साधारण ६५ जीबी. रात्री लावून झोपा, सकाळी तयार. जुन्या आय५ वरही टाइमलाइन मग लोण्यासारखी सरकते. नवा पीसी घ्यायच्या आधी हे एकदा करून बघाच.

आणि ऊन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, वरून पत्र्याची खोली, कॅबिनेटमध्ये वर्षभराची धूळ. चिप तापली की स्वतःहून वेग कमी करते. दुपारी हँग होणारा पीसी रात्री अकराला नीट चालत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. ब्लोअरनं पंखे साफ करा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला आणि मोठे रेंडर रात्री टाका. लाइट जाणाऱ्या गावात यूपीएस नसेल तर ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणा.

आवाज मागं पडतो: कीर्तनवाल्यांचं खास दुखणं

लग्नात हा दोष लपतो, कारण तिथं पाच-दहा सेकंदांचे तुकडे असतात आणि वर गाणं. सप्ताहातल्या कीर्तनात तो उघडा पडतो. दोन तासांची सलग क्लिप, आवाज मिक्सरवरून वेगळा घेतलेला. सुरुवातीला सगळं जुळतं. अर्ध्या तासानं महाराजांचे ओठ आणि शब्द यांत फट पडते. शेवटच्या गजरात टाळकऱ्यांचे टाळ एकमेकांवर आपटलेले दिसतात आणि आवाज नंतर येतो.

पहिलं कारण व्हेरिएबल फ्रेम रेट. मोबाइल प्रकाश बघून फ्रेम कमी-जास्त करतो. मंडपात उजेड कमी पडला की सेकंदाला ३० ऐवजी २४-२५ च फ्रेम घेतो. एडिटिंग सॉफ्टवेअरला मात्र ठरलेली फ्रेम लागते. काही सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतात, काहींत गडबड होते. उपाय विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही प्लॅटफॉर्मवर सारखाच: हँडब्रेक नावाचं फाइल बदलून देणारं सॉफ्टवेअर. ते मोफत आहे. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट ३० निवडा आणि त्याखाली कॉन्स्टंट फ्रेमरेटवर टिक करा. क्वालिटीचा आकडा १६ ते १८ च्या दरम्यान ठेवा. तिथलं नेहमीचं पीक फ्रेमरेट तसंच राहू दिलं तर फाइल पुन्हा व्हेरिएबलच राहते. निम्मे लोक इथंच फसतात आणि मग "हँडब्रेक करूनही फरक नाही" म्हणतात.

दुसरं कारण २९.९७ आणि ३० यांची गल्लत. फरक हजारात एकाचा, पण तासाला ३.६ सेकंद होतात. दोन तासांच्या कीर्तनात सात सेकंद. मीडियाइन्फोत २९.९७ दिसत असताना प्रोजेक्ट ३० चा केला आणि सॉफ्टवेअरनं फ्रेमला फ्रेम लावली की आवाज गेलाच समजा. रिझॉल्व्हमध्ये मीडिया आत घेतल्यानंतर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही, म्हणून सेटिंग आधी, क्लिप नंतर.

तिसरं कारण रेकॉर्डरचं घड्याळ. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, त्यानं तासाभरात काही फ्रेमचा फरक पडतो. हा दोष कुठलंच सॉफ्टवेअर बदलून जाणार नाही. अभंगाच्या सुरुवातीला टाळाची एक ठळक टाळी धरून आवाज जुळवा, दर पंधरा-वीस मिनिटांनी एखाद्या शांत जागी कट मारून पुन्हा जुळवा. ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

जुन्या हँडीकॅमवाल्यांसाठी अजून एक. एव्हीसीएचडीमध्ये लांब रेकॉर्डिंगचे एमटीएस तुकडे पडतात. ते सुटे कॉपी करून टाइमलाइनवर एकामागं एक ठेवले की जोडावर आवाजाला हिसका बसतो. कार्डावरचा सगळा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा आणि सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधून आत घ्या, म्हणजे तुकडे आपोआप सांधले जातात.

पुढच्या वेळी शूटिंगलाच काळजी घेतली तर हे सगळं टळतं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. सगळे कॅमेरे २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवलं तर मंडपातल्या दिव्यांचे पट्टेही येत नाहीत. मोबाइलवर घ्यायचंच असेल तर फ्रेम रेट बांधून देणारं कॅमेरा ॲप वापरा.

मग टाकायचं काय?

मॅक हातात असेल तर फार विचार नको. आयमूव्ही फुकट मिळतं, पण मुख्य ट्रॅकच्या वर आणखी एकच व्हिडिओ चढवता येतो, लग्नाच्या कामाला ते पुरत नाही. रोजचं काम मॅकवरच करायचं असेल तर फायनल कट प्रो आठ जीबीच्या साध्या मॅकबुक एअरवरही जसं चालतं तसं दुसरं चालत नाही. अडचण एवढीच की ते विंडोजवर कधीच उघडणार नाही. तुमचा अल्बम डिझायनर किंवा दुसरा एडिटर विंडोजवर असेल तर प्रोजेक्ट तुमच्यापाशीच अडकला.

विंडोजवर लग्नाचं तीन-चार तासांचं फुल मिक्सिंग करणाऱ्याला मी अजूनही एडियस सोड म्हणत नाही. ते फक्त विंडोजवर आहे, दिसायला जुनाट वाटतं, पण लांब टाइमलाइन ते निमूट ओढतं. क्विक सिंकवर त्याची भिस्त असल्यानं वरचं 'एफ'चं प्रकरण इथं सगळ्यात जास्त बोचतं. टीजर, हायलाइट, रील, कलर यांत नाव कमवायचं असेल तर रिझॉल्व्ह. मोफत आवृत्तीत ४के आणि ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट मिळतं, वॉटरमार्क नाही, आणि नवशिक्याच्या गरजेच्या पलीकडचं बरंच काही आत आहे. पण त्याला वेगळं ग्राफिक कार्ड हवं, रॅम १६ जीबी हवी. ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकून "जीपीयू मेमरी फुल" असा निरोप आला तर त्यात रिझॉल्व्हची चूक नाही. आणि विंडोजवरच्या मोफत आवृत्तीत १०-बिट ४:२:२ एच.२६५ क्लिप टाकली की बहुतेक वेळा नुसता आवाज येतो, चित्र नाही. सुरुवातीला सांगितलेली "फोटोच दिसंना" तक्रार ती हीच. पैसे भरून रिझॉल्व्हची स्टुडिओ आवृत्ती घ्या, नाहीतर क्लिप आधी डीएनएक्सएचआरमध्ये बदला, किंवा कॅमेऱ्यातच ८-बिट ४:२:० लावा. लग्नाच्या कामात तिसरा पर्याय कमीपणाचा नाही, घरच्या टीव्हीवर फरक दिसत नाही.

प्रीमियरचं भाडं दर महिन्याचं. वर्षभर काम असलेल्या स्टुडिओला परवडतं, चार महिन्यांच्या सीझनवाल्याला आठ महिने डोईजड होतं. विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं आणि प्रोजेक्ट एकीकडचा दुसरीकडे उघडतो, ही त्याची खरी कमाई. क्रॅकबद्दल फार बोलत नाही, पण हँग होतं म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मशिनांत ती असतेच असते, आणि सोबत काय काय आत शिरलेलं असतं ते बघवत नाही.

लिनक्सचा प्रश्न आता वाढलाय, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि कॉलेजांत, घरांत चांगले चालते पीसी विंडोज ११ घेत नाहीत. लिनक्स टाकून त्यावर रिझॉल्व्ह चालवायचा बेत असेल तर थांबा. लिनक्सवरच्या मोफत रिझॉल्व्हमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ उघडत नाही, म्हणजे आपल्या कॅमेऱ्यातली जवळपास एकही फाइल नाही. तिथं केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या. दोन्ही मोफत, दोन्ही विंडोज आणि मॅकवरही चालतात. केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमधून प्रॉक्सी चालू केली की जुन्या आय३ वरही शेतीचे, शाळेचे व्हिडिओ सुखानं होतात. चार जणांनी चार तऱ्हेच्या मशिनांवर एकच प्रोजेक्ट उघडायचा असेल तर माझं मत केडेनलाइव्हला.

मोबाइलवर काइनमास्टर, इनशॉट, व्हीएन रीलपुरते ठीक. दोन तासांचं कीर्तन त्यावर करायचा हट्ट धरू नका.

जोडाक्षरं फुटतात

'शुभविवाह' लिहिलं की वेलांटी भलतीकडे जाऊन बसते, 'श्री'चा श् वेगळा आणि री वेगळी, 'ज्ञानेश्वरी'चं तर बघायलाच नको. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेस, मग ग्राफिक्स, तिथं टेक्स्ट इंजिन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न करा आणि टायटल नव्यानं टाइप करा. आधी केलेलं टायटल आपोआप सुधारत नाही. रिझॉल्व्हच्या जुन्या आवृत्त्यांत टेक्स्ट प्लस असाच त्रास देतं. इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी नीट उमटतं, तिथं टायटल करून पारदर्शक पीएनजी काढा आणि टाइमलाइनवर ठेवा. ही युक्ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते.

श्रीलिपीसारखे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरत असाल तर तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी हे युनिकोड फॉन्ट मोफत आहेत आणि तिन्ही प्लॅटफॉर्मवर टाकता येतात. विंडोजमधला मंगल मॅकवर मिळेल असं गृहीत धरू नका.

डिस्क आणि पेनड्राइव्ह

एकाचं शूट विंडोजवर, दुसऱ्याचं कटिंग मॅकवर असेल तर हार्डडिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तीवर लिहीत नाही. "मॅकवर डिस्क बिघडली" म्हणून येणाऱ्या डिस्क बहुतेक धडधाकट असतात. उघडल्यावर क्लिप ऑफलाइन दिसल्या तर घाबरू नका, विंडोजचा डी ड्राइव्ह मॅकला माहीत नाही एवढंच. एक क्लिप रीलिंक करून दाखवली की बाकीच्या सापडतात, मात्र फोल्डरची आणि फाइलची नावं मधे बदललेली नकोत. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट न्यायचा तर एक्सएमएलनं, म्हणजे कटची नोंद असलेल्या फाइलनं, कट तेवढे जातात. टायटल, इफेक्ट, प्लगइन जात नाहीत, ते नंतर नव्यानं करायची तयारी ठेवा.

गिऱ्हाइकाला द्यायची फाइल एच.२६४, ८-बिट, फुल एचडी हीच असू द्या. गावाकडचे पाच-सात वर्षांपूर्वीचे टीव्ही एच.२६५ बघून "फाइल चालत नाही" म्हणतात आणि फोन तुम्हाला येतो. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसत नाही. २० मेगाबिट दरानं ४ जीबीत जेमतेम २८ मिनिटं मावतात. एक्सफॅट केला तर काही जुने टीव्ही तो ओळखतच नाहीत. म्हणून हळद, लग्न, वरात अशा पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या वेगळ्या फाइली करून फॅट३२ वरच द्या, आणि देण्याआधी दुकानातल्या सगळ्यात जुन्या टीव्हीला लावून बघा.